एप्रनचा खिसा

२०२३ सालची गोष्ट. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मानपाड्याच्या मलमाच्या कारखान्यात रसिकाने धुऊन आलेला एकेचाळीस नंबरचा एप्रन चढवला, खिशात हात घातला आणि जागीच थबकली. आत चौघडी केलेला कागद होता. युनियनचा सभासद-अर्ज.

सोबत छापील चिठ्ठी होती. ‘सही करून संध्याकाळी याच खिशात ठेवा. सहा महिने कुणाला विचारू नका, कुणाला सांगू नका.’

सहा महिने कशाला, ते तिथल्या बायकांना शिकवावं लागत नव्हतं. युनियनला मान्यता हवी तर शंभरात तीस सभासद लागतात, आणि तेही सलग सहा महिने टिकावे लागतात. दोन वर्षांपूर्वी असाच घाट घातला होता. पण आतल्याच कुणीतरी तोंड उघडलं. दुसऱ्या आठवड्यात नावं मॅनेजर सुदेश सरांच्या टेबलावर गेली आणि सतरा जणी घरी बसल्या.

रसिका सात वर्षं टेम्पररी होती. तरी तिने सही केली.

मळके एप्रन गोळा करायचं काम तिच्या सासूचं, गोदूबाईंचं. कारखान्यात त्यांची तीस वर्षं झाली होती. सकाळी नंबर बघून एप्रन वाटायचे, दुपारी केबिनमध्ये चहा न्यायचा, संध्याकाळी प्रत्येक खिसा चाचपून एप्रन टोपलीत टाकायचे. नंबर ओळखता येत, अक्षर मात्र एक नाही. ‘त्यांना काय वाचता येणार,’ असं मनाशी म्हणत रसिकाने अर्जासकट एप्रन त्यांच्या हाती दिला. त्यांच्या अंगठ्याला निळी शाई लागलेली तिने संक्रांतीच्या आदल्या रात्री घरी पाहिली होती. पगाराच्या रजिस्टरची असेल, म्हणून सोडून दिली होती.

पंधरा दिवसांनी सखुबाईला केबिनमध्ये बोलावलं. बदली, शहाडच्या गोडाऊनला. दिवसभर उभ्याने खोकी उचलायची.

“लेकरांची शपथ सर, मी कुठल्याच कागदावर सही नाही केली!”

“सगळ्या असंच म्हणतात, ताई,” सर शांतपणे म्हणाले.

मग बायजा गेली. दर सणाला सरांच्या घरी पुरणपोळ्या पोचवायची ती. मग मृणाल, लाइनवर कोण किती वेळा बाथरूमला गेली याचा हिशोब ठेवणारी. तीही रडत, आकांत करत गेली. लाइनवर कुणी कुणाकडे बघेना. बाजूची दर्शना ट्यूबची टोपणं लावता लावता हळूच म्हणाली, “बघितलंस ना? गोदूमावशी चहा घेऊन आत गेल्या की दुसऱ्या दिवशी एक विकेट पडते.”

“काहीही काय गं!”

“तू सेफ आहेस. घरचीच आहेस ना.”

ते रसिकाच्या जिव्हारी लागलं. होळीच्या आधी कोरी लेबलं आणायच्या निमित्ताने ती केबिनच्या दाराशी उभी राहिली. आतून सरांचा आवाज आला.

“सुनेची ऑर्डर इथे पडलीये, मावशी. कायम करायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. सखुबाईचं तर मला खरंच वाटत नव्हतं. राखी बांधते ती मला!”

“राखी बांधणारा हातच सही करतो, साहेब. तुम्ही डायरीत लिहा आता. उद्याचं नाव सांगते.”

म्हणजे खिसे चाचपायचे ते यासाठी. आणि ती निळी शाई? सरांच्या कागदावर अंगठा दिला होता तर.

रात्रीच्या भाकरी थापताना तिने विचारलंच. “आई, केबिनमध्ये चहा द्यायला एवढा वेळ लागतो?”

“गरम असतो गं. निवेपर्यंत उभं राहावं लागतं.”

“आणि माझं नाव कधी सांगणार?”

गोदूबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. “तू तुझं काम कर. जेवून घे.”

त्यानंतर रसिका सासूशी बोलली नाही. आषाढापर्यंत अकरा जणी शहाडला गेल्या. रोज सकाळी एप्रन घेताना तिला वाटे, आज आपला नंबर. तो लागला नाही, याचीच तिला जास्त लाज वाटे. शेवटी तिने नवऱ्याला, उत्तमला बजावलं, “या घरात एक तर त्या, नाहीतर मी.” गोदूबाई एक पत्र्याची पेटी घेऊन वर्तकनगरला लेकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, “एप्रनचा खिसा उसवलाय तुझा. शिवून घे.” रसिका दारापर्यंतही आली नाही.

श्रावणात युनियनने मान्यतेचा अर्ज टाकला. यादी फुटलीच नव्हती. पुढच्या वर्षी मान्यता मिळाली, चाळीस जणी कायम झाल्या, त्यात रसिका होती. सुदेश सरांची सिल्वासाला बदली झाली. अकरा जणींचा दावा युनियनचे वकील चांगदेव यांनी चालवला. “युनियनमध्ये असल्याच्या नुसत्या संशयावरून हलवणं हीसुद्धा अनुचित कामगार प्रथाच,” ते म्हणाले, आणि कुणीतरी आणून दिलेली, सरांच्याच हातची नावांची डायरी कोर्टापुढे ठेवली. दहा जणी परत आल्या. बायजाने शहाडलाच पोळीभाजी केंद्र टाकलं. दर्शना लाइनची सुपरवायझर झाली. गोदूबाई त्या माघात गेल्या. रसिका दहाव्याला गेली, तीही उत्तमसाठी.

पावसाळ्यात रसिका युनियनची सचिव म्हणून निवडून आली. ठाण्याच्या ऑफिसात चांगदेव वकिलांनी अर्जांची फाइल तिच्या हाती दिली. तिने आधी सखुबाईचा अर्ज शोधला. नव्हता. बायजाचा नव्हता. मृणालचा नव्हता. अकरापैकी एकीचाही नव्हता. तेव्हा तिने फाइल पहिल्या पानावर आणली. अर्ज क्रमांक एक, संक्रांतीच्या आदल्या दिवसाचा, आणि सहीच्या जागी निळा अंगठा.