टिटवीतली एकच बैठक

"खिसे उलटे करून दाखव," दीनानाथ म्हणाले.

चैतालीने उड्डाणाच्या पोशाखाचे खिसे बाहेर काढले. "बाबा, सकाळपासून किती वेळा?"

"मी सांगेन तितक्या वेळा. विमान उलटं झालं की आतला शेंगदाणासुद्धा जागचा हलतो, आणि नेमका सुकाणूच्या दांडीच्या सांध्यात जाऊन बसतो. मग दांडी ओढत बस."

टिटवी दीनानाथांनीच आखलेली, बिबवेवाडीच्या शेडमध्ये बांधलेली. हवेत कसरती करायचं विमान, बसायला एकच जागा. टिटवीनेही समुद्र आटवला म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं. अभद्र पक्षी, असं त्यांचं म्हणणं. पण पहिल्या टिटवीने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या, तेव्हा सदाशिव पेठेत पेढे त्यांनीच वाटले. चौथ्या स्पर्धेला तर त्या हौसेने मैदानावर आल्या.

त्याच स्पर्धेत त्यांचा थोरला, विश्वजीत, उलट्या उड्डाणातून सरळ झालाच नाही. "बाबा, दांडी हलत नाहीये," एवढंच रेडिओवर ऐकू आलं. विमान जळून गेलं, कारण सांगायला काही उरलं नाही. दीनानाथांनी दोष स्वतःच्या आखणीवर घेतला. पंख वाकले असणार, त्यानेच दांडी आवळली असणार. पाच वर्षं खपून त्यांनी नवे पंख केले. आज त्या पंखांच्या भरवशावर धाकटी लेक उडणार होती, आणि त्यांना मनातून फार भीती वाटत होती.

बॅटरी मारून त्यांनी आतला कोपरा न् कोपरा तपासला. मग श्यामलाबाई औक्षणाचं तबक घेऊन आल्या. त्या दिवसानंतर आजच त्या मैदानावर पाऊल टाकत होत्या.

"अगं, अक्षता आत नकोत!"

"कळतं मला. एक दाणा पडणार नाही." लेकीला ओवाळून त्या बैठकीला कुंकू लावायला कमरेपर्यंत आत वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. "सोबतीला माणूस बसेल एवढी तरी जागा करायची होती."

"असल्या विमानात सोबत नसते," दीनानाथ तुटकपणे म्हणाले.

चैताली बसली. पट्टे आवळले गेले. टिटवी वर गेली, गिरकी घेतली आणि उलटी झाली. दीनानाथ दुर्बिणीतून पंखांकडे पाहत होते. पंख तसूभरही वाकले नव्हते.

"टिकले गं, टिकले!" ते ओरडले.

"टिकणारच," हात जोडून, डोळे मिटून श्यामलाबाई म्हणाल्या. "विश्वजीतच्या वेळी घाईघाईत बैठकीखाली एकच सुपारी ठेवली होती मी. आज कसबा गणपतीच्या पायाशी ठेवून आणलेल्या पाच आहेत तिच्या सोबतीला."