चिमीचा हात

ब्याऐंशी साली बोईसरच्या त्या शाळेत सातवीला एकोणचाळीस मुलं होती. सहलीला जोड्या लावल्या की चिमी एकटी उरायची. मग ती पुष्पलताबाईंचा हात धरून चालायची.

केळव्याला एसटीतून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "आपापल्या जोडीदाराचा हात धरा."

सुरूच्या बनातून ओळ किनाऱ्याकडे निघाली. बाई सगळ्यांत मागे. पुढच्या मुलांवर नजर ठेवून त्यांनी सवयीने हात बाजूला केला आणि लहानसा हात त्यात आला. आज जरा गार लागला. भरती चढत होती, म्हणून बाईंनी तो घट्ट धरला.

ओळीच्या पुढून चिमीने वळून सांगितलं, "बाई, नवसीला गाडी लागली, ती सरांजवळ बसलीय. म्हणून मी जमनासंगं हाय."

बाईंनी खाली पाहिलं नाही. गार बोटं हळूच त्यांच्या बोटांत गुंतली.