सगळ्या वाटा तपासल्या

आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात सिंचना नावाच्या टेस्टरला सगळे टरकून असतात. तिचा 'मॉडेल चेकर' हा प्रोग्राम मोबाइल ॲपमधली बटणं शक्य त्या प्रत्येक क्रमाने तपासतो आणि अडकायची जागा शोधतोच. "पण ते बटण कोण दाबणारेय!" असं कुणी म्हटलं, की ती कडाडते, "आधी दुरुस्त कर!"

काल आमच्यातल्याच नागभूषणने घाबरत घाबरत स्वतःचं ॲप तिच्याकडे तपासायला दिलं. त्यात एकच प्रश्न होता, 'माझ्याशी लग्न करशील?' आणि दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

तासाभराने ती तरातरा त्याच्या टेबलाशी आली. "'नाही' दाबलं की फिल्टर कॉफीचं आमंत्रण, आणि परत तोच प्रश्न! बाहेर पडायला वाटच नाही!"

"दुरुस्त करतो," तो पुटपुटला.



"राहू दे रे," ती खुदकन हसली, "ते बटण कोण दाबणारेय!"