मालकाच्या रकान्यात

“परवानगी नाही.” पडद्यावर तिसऱ्यांदा तेच आलं.

तिनं कपाळाला हात लावला. सकाळी तिनंच हॉस्पिटलचा नवा कंटेनर चालू केला होता. कंटेनर म्हणजे साध्या भाषेत बंद डबा. एक्स-रे साठवणारा प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान त्यातच. तो डबा ज्या साच्यातून निघतो, ती इमेज. जुनी इमेज पार मोडकळीला आली होती, म्हणून तिनं नवी बांधली. प्रोग्राम चालवायला आत एक साधा युजर केला, त्याला नवा नंबर दिला. आता तो बिचारा एक्स-रेच्या फोल्डरच्या दारात ताटकळत उभा होता.

फोन वाजला. हॉस्पिटलातली एक्स-रे काढणारी बाई.

“ताई, फोटो निघतोय पण सेव्ह होत नाहीये. वर्षाचं बाळ आहे, पलंगावरून पडलंय. मनगटाला हात लावला की किंचाळतं. किती वेळा दाबून धरू त्याला?”

“दहा मिनिटं द्या.”

“दहा म्हणजे दहा हं!”

साहेब मागे येऊन उभेच होते. “रूट दे आणि मोकळी हो.”

रूट म्हणजे सगळ्याचा धनी. त्याला कुठलंच दार बंद नसतं. काम तर झटक्यात झालं असतं. पण उद्या कुणी चोर त्या डब्यात शिरला, की अख्खं मशीन त्याच्या घशात.

“रूट नाही देणार.”

“शोभतेस मामाची भाची!” साहेब करवादले.

मामा म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा म्हातारा. सगळ्या ऑफिसचा मामा. कुणी रूटवर काही चालवलेलं दिसलं, की अंगावर धावून यायचा. का, ते तिला एकदाच बोलला होता. तरुणपणी त्यानं रूटवर एक चुकीची ओळ चालवली आणि एका दवाखान्याचे सगळे रिपोर्ट पुसले गेले. “आजारी माणसांना पुन्हा रांगेत उभं केलं मी, भाचे. एका आजीला तर उभंही राहवत नव्हतं.”

पाच महिन्यांपूर्वी मामा गेला. ऑफिस दोन मिनिटं उभं राहिलं. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी त्याची खुर्ची पळवली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याचं खातं मशीनवरून उडवलं. एवढी काय घाई, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, “मेलेला माणूस कामावर येत नसतो.” ते वाक्य तिच्या घशात अजून हाडासारखं अडकलेलं होतं.

तिनं फोल्डरची यादी उघडली. चाळीस लाख फाइली. मालकाच्या रकान्यात कुठेच नाव नव्हतं, खालपर्यंत नुसता एकच आकडा. १०४३.

“हे बेवारस कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

तिनं आकडा ओळखला. कामाच्या पहिल्याच आठवड्यात मामानं शिकवलं होतं, “मशीनला नाव कळत नाही, भाचे, नंबर कळतो. नावं आपण आपल्या समाधानाला लावतो.” १०४३ मामाचा नंबर होता. जुनी इमेज त्यानंच बांधली होती आणि प्रोग्राम इतकी वर्षं त्याच्याच नंबरानं चालत होता. साहेबांनी नाव पुसलं होतं. मालकी पुसायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि फोल्डरचं दार अजून फक्त त्याच नंबराला उघडत होतं.

सगळ्या फाइली नव्या युजरच्या नावावर करायच्या, तर त्या जुनाट डिस्कवर संध्याकाळ झाली असती. बाळाचं मनगट तेवढं थांबणार नव्हतं.

तिनं इमेज बांधायची फाइल उघडली. आपण दिलेला नंबर खोडला, तिथं १०४३ टाकला. युजरच्या नावापाशी बोटं थबकली. मग तिनं चार इंग्रजी अक्षरं टाइप केली.

इमेज पुन्हा बांधली. डबा चालू केला. या वेळी पडद्यावर “परवानगी नाही” आलं नाही.

फोन आला. “ताई, झालं एकदाचं! डॉक्टर बघतायत, हाड मोडलेलं नाही म्हणाले.”

“आणि बाळ?”

“आईच्या खांद्यावर झोपलं की!”

“दाखव काय दिवे लावलेस ते,” म्हणत साहेब खुर्चीवर वाकले. तिनं डब्याच्या आतून यादी पुन्हा काढली. सगळ्यात ताजी फाइल सगळ्यात वर होती. साहेबांनी चष्मा पुसला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले.

“उजवं मनगट. मालक... मामा. वेळ... आज, तीन वाजून बारा मिनिटं.”