कुठे टोचतं?

मास्क होता सात वर्षांच्या लेकीच्या नाकावर, पण नाकी नऊ आले होते तिच्या टेलर बापाच्या. झोपेत तिचा श्वास अडकायचा, म्हणून डॉक्टरांनी हवा देणारं मशीन रोज लावायला सांगितलं होतं. चार महिन्यांत तीन मास्क बदलून झाले. पट्ट्या गालाला लागत असतील म्हणून त्याने त्यांना आतून मखमल शिवली. तिच्या बाहुलीलाही तसाच एक मास्क शिवून दिला. बाहुलीने तो एकदाही काढला नाही. लेक मात्र तासाभरात ओढून फेकायची.

आज चौथ्यांदा दवाखान्यात आल्यावर त्याचा पारा चढलाच.

"अहो ताई, हाही टोचतोय तिला! चार महिने माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. एक धड मास्क देता येत नाही का तुम्हाला?"

मास्क बसवणाऱ्या ताई लेकीसमोर खाली बसल्या. "बाळा, तूच सांग बरं, नेमकं कुठे टोचतं?"

लेकीने आधी बापाकडे पाहिलं, मग ती ताईंच्या कानाशी लागली. पण तिला हळू बोलता कुठे येत होतं!


"कुठेच नाही टोचत. पण मास्क लावला की बाबा झोपायला त्यांच्या खोलीत जातात. काढला की सकाळपर्यंत माझा हात धरून बसतात."