पुंडलिकरावांची कादंबरी

"लेखकाचं नाव?" टेबलामागच्या स्वयंसेवकानं तिसऱ्यांदा विचारलं.

सुलोचनाबाईंनी पदर दातांत धरला. नवऱ्याचं नाव त्यांनी चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. भंडाऱ्याच्या साहित्य संमेलनात, एवढ्या पुरुषांसमोर, तर मुळीच काढणार नव्हत्या.

"आईबापाची सेवा करता करता ज्यानं देवाले इटेवर उभं केलं, त्याचं," त्या म्हणाल्या.

स्वयंसेवक हसला. "पुंडलिक. बरं, गाव?"

"एकोडी." हे मात्र त्यांनी खणखणीत सांगितलं.

नागपूरचे प्रकाशक घनश्यामराव शाळेच्या एका वर्गात नव्या लेखकांना भेटत होते, प्रत्येकी दहा मिनिटं. बाहेरच्या बाकावर कवींची रांग होती. सगळे आपापल्या कविता ओठांतल्या ओठांत घोळवत होते. सुलोचनाबाईंच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक जाडजूड वही होती. सकाळच्या एसटीत त्यांनी ती क्षणभरही खाली ठेवली नव्हती.

आत गेल्यावर घनश्यामरावांनी खुर्ची पुढे केली. दिवसभर कविता ऐकून त्यांचा चेहरा उतरला होता.

"लेखक कुठे आहेत, मावशी?"

"घरी. पोरगी बसली हाये त्याईच्याजवळ. दिवाळीत लकवा मारला. उजवा हात गेला आन् वाचाबी गेली." बाईंनी फडक्याची गाठ सोडली. "बारा वर्सं लिवून राहिले होते. रोज दिवेलागणीले मले वाचून दाखवत. मले अक्षर येत नाई, साहेब. ते चवथी पास. लग्नातच सांगितलं होतं तसं."

"काय गोष्ट आहे?"

बाईंचा चेहरा उजळला. वैनगंगेवर डोंगा चालवणारा एक नावाडी, त्याची भांडखोर बायको, दोघांचा हट्टी संसार. त्या सांगत सुटल्या. कधी नावाडी होऊन दटावत, कधी बायको होऊन कडाकडा बोटं मोडत. दहा मिनिटं केव्हाच उलटली. दारातून डोकावणाऱ्या कवीला घनश्यामरावांनी हातानंच थांबवलं.

"मंग पूर आला. पल्याड अडकलेल्या लोकाईले आनाले नावाडी डोंगा घेऊन गेला. बायको काठावर कंदील घेऊन उभी. तितंच त्याईनं वही मिटली आन् म्हनाले, बाकी उद्या. दुसऱ्या दिवशी लकवा मारला." बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "तो वापस आला का नाई, तेवढं मले पायजे. झोप लागत नाई, साहेब."

"गावात कोणाकडून वाचून घेतलं नाहीत?"

"शपथ घातली हाये ना! छापून येईपर्यंत गावात कोनाले दाखवाची नाई, पानबी उलटवाचं नाई. तुमी गावातले नाई, म्हनून आली."

घनश्यामरावांनी वही उघडली. पहिलं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं. मग चष्मा काढून सावकाश पुसला.

"लिहायला कुठे बसत?"

"चुलीपाशी. पितळी घागर समोर लागे. इथूनच, भंडाऱ्यातून घेतलेली. माह्या बापानं लग्नात देल्ली, माह्यं नाव कोरून. ते घागरीकडं पाहत, मंग लिवत, मंग पुन्ना पाहत. म्हनत, पितळेच्या उजेडानं डोकं चालते." त्या हसल्या. "लिवनाऱ्याचं काही खरं नसते. पत्र आलं तं पोस्टमनकडून वाचून घेत. म्हनत, माह्यं डोकं कादंबरीत हाये."

घनश्यामरावांनी एकदा बाईंकडे, एकदा वहीकडे पाहिलं. मग त्यांनी शेवटचं पान समोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

पहाटे पूर ओसरला. डोंगा काठाला लागला. नावाडी उतरला, पण रात्रभर पुरात ओरडून त्याची वाचा गेली होती. बायको म्हणाली, "बोल नं काहीतरी." तो बोलू शकला नाही. त्यानं डाव्या हातानं तिच्या हातातला कंदील घेतला आणि तिच्यापुढे घराची वाट चालू लागला.

सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. खूप दिवसांचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

"वापस आला," त्या पुटपुटल्या. मग दचकून म्हणाल्या, "दिवाळीच्या आंधी लिवलं हे! वाचा जाईन म्हनून त्याईले कसं समजलं, साहेब?"

"खऱ्या लेखकाला समजतं," घनश्यामराव म्हणाले. "पण मावशी, ही वही मी छापू शकणार नाही. ही तुमच्याजवळच राहू द्या."

"राहू द्या. मले शेवट भेटला." त्यांनी फडकं पसरलं, पण हात वहीवरच घुटमळला. त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"एक इचारू? त्याईनं मले कधी नावानं हाक नाई मारली. 'अवं' म्हनत, नाई तं पोरीची माय म्हनत. एवढ्या मोठ्या वहीत माह्यं नाव एखाद्या बारी तरी आलं का?"

घनश्यामरावांनी वही पुन्हा उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

"बोट ठेवा, मावशी. कुठेही."

बाईंनी भीत भीत एका ओळीवर बोट टेकवलं. "इथं?"

"हो."

त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी बोट खाली सरकवलं. "आन् इथं?"

"इथेही."

त्यांनी पान उलटलं, मग आणखी एक. बारा वर्षांच्या पानांवरून, ओळीओळीतल्या त्याच चार वाकड्यातिकड्या अक्षरांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. ते जिथं थांबेल तिथं घनश्यामराव "हो" म्हणत गेले, आणि या खेपेला त्यांना एकदाही खोटं बोलावं लागलं नाही.