नजर चांगली राहो

कोचेव्येच्या बाजारात माझं शिकारी बंदुकांचं दुकान आहे. काल सकाळी बाहेरगावचे एक म्हातारे शिकारी आले. टोपीतलं पीस सारखं करत म्हणाले, "रानडुकरासाठी रायफल दाखव. हलक्या गोळीची."

"काका, डुकराला हलकी गोळी म्हणजे गुदगुल्या!" मी हसलो आणि सगळ्यात दणकट रायफल त्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही घ्या. नऊ पॉइंट तीन मिलिमीटरची जाड गोळी. या कुशीतून शिरली की त्या कुशीतून बाहेर. डुक्कर जागेवर आडवं."

त्यांनी तिला हातही लावला नाही. "तसली आहे घरी. मला जनावराच्या आतच राहणारी गोळी हवी."

"खांद्याला धक्का सोसत नाही, असं सरळ सांगा की!"

ते हसले नाहीत. साडेसहा मिलिमीटरच्या बारीक गोळीची छोटी रायफल उचलून त्यांनी तिची गोळी बोटानं चाचपली. "ही नाही ना बाहेर येणार?" एकदा नाही, तीनदा विचारलं.

"त्याची हमी कोण देणार, काका? गोळी ती गोळी."

त्यांनी रायफल हळूच परत ठेवली आणि दाराकडे वळले. आम्ही शिकारी निरोप घेताना एकमेकांना म्हणतो, तसं मी सवयीनं म्हणालो, "नजर चांगली राहो, काका!"

ते दारातच थांबले.



"नजर चांगलीच होती रे. डुक्कर अगदी स्वच्छ दिसलं; त्याच्यामागं झुडपात बसलेला माझा धाकटा भाऊ तेवढा दिसला नाही."